अनाथ आणि पोरके : धनी नसलेल्या साहित्याचा प्रश्न

१

स्वामित्वहक्काची मुदत संपलेली नाही, परंतु त्या हक्काचा धनी कोण हे कळत नाही, किंवा कळले तरी तो सापडत नाही, अशा साहित्यकृतींना कायद्याच्या चर्चेत ‘ऑर्फन वर्क्स’ असे म्हटले जाते. मराठीत या संज्ञेला ‘अनाथ कृती’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. वरवर पाहता हे शब्दशः भाषांतर वाटते. प्रत्यक्षात हा प्रतिशब्द मूळ संज्ञेपेक्षा अधिक नेमका आहे. इंग्रजी शब्दात आईबाप नसणे अभिप्रेत आहे, आणि त्यासाठी मराठीत ‘पोरका’ हा वेगळा शब्द आहे. ‘अनाथ’ म्हणजे ज्याला नाथ नाही तो. आणि नाथ म्हणजे स्वामी, धनी, पाठीराखा. व्यवहारात आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत असलो तरी त्यांच्यातील भेद प्रस्तुत प्रश्नाच्या मुळाशी जाणारा आहे.

ज्या कृतीचा कर्ता अज्ञात आहे ती पोरकी. ज्या कृतीचा हक्कदार अज्ञात आहे ती अनाथ. या दोन अवस्था एकाच वेळी असू शकतात, परंतु त्या एकच नव्हेत. निनावी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन असतील आणि ती प्रकाशनसंस्था चालू असेल, तर ते पुस्तक पोरके असूनही अनाथ नाही. उलट, ज्याचे नाव, गाव, जन्मसाल सर्व काही वाङ्मयेतिहासात नोंदलेले आहे अशा लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचे वारस कोठे पांगले हे कोणालाच ठाऊक नसेल, तर त्याचे लेखन पोरके नसूनही अनाथ होते. समीक्षेची चिंता सामान्यतः पोरकेपणाशी संबंधित असते. ही रचना कोणाची, या नावाचा कवी एक की दोन, अमुक अभंग नामदेवाचा की विष्णुदास नाम्याचा, हे तिचे प्रश्न. कायद्याची चिंता केवळ अनाथपणाची असते. कर्ता कोण हे त्याला धनी शोधण्यापुरतेच जाणून घ्यायचे असते.

आपल्या मध्ययुगीन परंपरेत नाममुद्रा होती, परंतु तिच्यामागे स्वामित्वाची कल्पना नव्हती. अभंगाच्या अखेरीस येणारे नाव हे साक्षीचे आणि उत्तरदायित्वाचे नाव होते. त्या नावावाचून कोणी तो अभंग म्हणू नये असा त्याचा अर्थ होता, त्या नावाच्या परवानगीवाचून कोणी म्हणू नये असा नव्हता. आधुनिक मुद्रणसंस्कृतीत नाव आणि धन एकत्र आले. १९६९ साली ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न उपस्थित करताना मिशेल फूको यांनी लेखक ही संकल्पना कायद्याच्या आणि मालमत्तेच्या व्यवस्थेशी कशी बांधलेली आहे याकडे लक्ष वेधले होते. ज्या कृतीचा धनीच हरवला आहे त्या कृतीच्या संदर्भात या बांधणीचे सर्व टाके उघडे पडतात. धनी नसलेल्या साहित्याबाबत शासनसंस्थांनी केलेले प्रयत्न समीक्षेने वाचावेत ते त्यासाठी.

२

अनाथ कृती या आपोआप निर्माण होत नाहीत. त्या कायद्याने निर्माण केल्या आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्यानुसार हक्कभंगाचा दावा लावण्यापूर्वी पुस्तकाची नोंदणी आवश्यक होती. पुढे १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देण्याचे बंधन घातले. त्या अधिनियमातील १८ व्या कलमाने नोंदवहीत कोणते रकाने असावेत हे ठरवून दिले : पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, आणि अखेरीस स्वामित्वहक्क कोणाचा व तो कोठे राहतो. हा उद्योग साहित्यप्रेमाने केलेला नव्हता. १८५७ च्या उठावानंतर देशी भाषांत काय छापले जाते यावर परकीय सत्तेला नजर ठेवायची होती. परंतु या पाळतीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या किरकोळ मराठी पुस्तकाच्या धन्याचा पत्ता सरकारी दप्तरात सापडू शकतो. विसाव्या शतकातील पुस्तकांच्या बाबतीत मात्र ही शक्यता कमी कमी होत गेलेली दिसते.

याचे कारण असे की मध्यंतरी स्वामित्वहक्काची कल्पनाच पालटली. बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराची १९०८ साली बर्लिनमध्ये सुधारणा झाली आणि हक्क मिळण्यासाठी कोणताही औपचारिक विधी आवश्यक नाही असे ठरले. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने आणि त्यावर आधारलेल्या १९१४ च्या भारतीय कायद्याने हे तत्त्व येथे आणले. लेखकाने कागदावर ओळ उमटवली की हक्क जन्मास येतो; नोंद करा अथवा करू नका. लेखकाच्या दृष्टीने हे तत्त्व न्याय्य आहे, कारण गरीब किंवा अडाणी कर्त्याचा हक्क नोंदणीअभावी बुडू नये हा त्यामागील हेतू आहे. परंतु हक्क नोंदीविना जन्मतो आणि दीर्घकाळ जगतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अनाथपणाची परिस्थिती सिद्ध होते.

मुदतही वाढत गेली. १९५७ च्या अधिनियमात ती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. वर्ष संपता संपता वटहुकूम निघाला, आणि १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षे झाली. एका विख्यात कवीच्या सुप्रसिद्ध वारसासंस्थेसाठी दिलेली ही दहा वर्षे त्या क्षणी हक्क जिवंत असलेल्या, नाथ असलेल्या आणि नसलेल्या, सर्वच साहित्याला लागू झाली. ज्यांचा धनी दारात उभा राहून बोलू शकतो त्यांचे शासनाने ऐकले. ज्यांना धनीच नाही त्यांच्यासाठी ही दहा वर्षे म्हणजे बंदिवासातील वाढ ठरली, हे कोणी लक्षात घेतले नाही. २०२३ साली १८६७ च्या अधिनियमाची जागा नियतकालिकांपुरत्या मर्यादित अशा नव्या कायद्याने घेतली आणि पुस्तकांच्या नोंदणीची ती जुनी व्यवस्था कायद्यातून गेली. पाळतीचे ओझे गेले याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याबरोबर धन्याचे नाव आणि पत्ता विचारणारा शेवटचा रकानाही गेला.

३

आपल्या कायद्याकडे वळण्यापूर्वी इतर काही देशांत शासनाने हा प्रश्न कसा हाताळला हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. कॅनडाने १९८८ च्या दुरुस्तीने असे ठरवले की, प्रकाशित कृतीचा हक्कदार सापडत नसेल तर शासकीय मंडळाने परवाना द्यावा. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशाने ग्रंथालये, संग्रहालये, अभिलेखागारे, शिक्षणसंस्था व सार्वजनिक प्रसारणसंस्था यांना अशा कृती वाचकांस उपलब्ध करून देण्याची मुभा दिली. मात्र त्याआधी प्रत्येक कृतीसाठी ‘कसोशीचा शोध’ घेतला पाहिजे अशी अट घातली. ही अट तात्त्विकदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु व्यवहारात एका पत्रकासाठी करावा लागणारा शोध त्या पत्रकाच्या मोलापेक्षा कितीतरी महाग पडतो. त्यामुळे या मुभेचा उपयोग फारच थोड्या प्रमाणात झाला. पुढे २०१९ च्या निर्देशात युरोपने बाजारातून गेलेल्या साहित्यासाठी वेगळा मार्ग शोधला, यातच पहिल्या मार्गाची मर्यादा सूचित होते.

अमेरिकेत स्वामित्वहक्क कार्यालयाने २००६ साली या विषयावर सविस्तर अहवाल दिला. २००८ साली त्यावर आधारलेले विधेयक सेनेटमध्ये संमत झाले, परंतु प्रतिनिधिगृहात ते अडले. विरोध करणाऱ्यांत छायाचित्रकार आणि चित्रकार पुढे होते. त्यांचे म्हणणे असे की चित्रावरचे नाव पुसणे सोपे असते, आणि नाव पुसले की चित्र अनाथ ठरवणेही सोपे होते. या भीतीत तथ्य आहे हे २०११ साली दिसून आले. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पुढाकार घेऊन अनाथ पुस्तकांची एक यादी जाहीर केली. लेखकांच्या संघटनेने थोडा शोध घेताच यादीतील काही पुस्तकांचे धनी काही दिवसांतच सापडले. एक कादंबरीकार तर हयात निघाले. तो उपक्रम स्थगित करावा लागला. ज्याला आपण अनाथ म्हणतो त्याचा नाथ खरोखरच नाही, की आपण त्याच्या दारापर्यंत गेलोच नाही, हा प्रश्न या प्रसंगाने कायमचा उभा केला आहे.

ब्रिटनने २०१३ साली कायदा करून २०१४ पासून परवाना देण्याची योजना सुरू केली. परवाना जास्तीत जास्त सात वर्षांचा आणि त्या देशापुरता. परंतु त्याच वर्षी तेथे घडलेली एक गोष्ट अधिक बोलकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त प्रदर्शने भरली असता काही संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी सैनिकांच्या पत्रांच्या जागी काचेच्या पेटीत कोरे कागद ठेवले. १९८९ पूर्वीच्या बऱ्याचशा अप्रकाशित लेखनावरील हक्क तेथे २०३९ अखेरपर्यंत टिकतो, मग लेखक केव्हाही मरण पावलेला असो. खंदकातून घरी पत्र लिहिणाऱ्या सैनिकाला आपण ‘लेखक’ आहोत याची कल्पनाही नसेल. कायद्याने मात्र त्याला लेखक केले, त्याच्या पत्राला मालमत्ता केले, आणि त्या मालमत्तेचा धनी सापडत नाही म्हणून ते पत्र लोकांपासून दूर ठेवले. कोऱ्या कागदाचे ते प्रदर्शन अनाथपणाच्या प्रश्नावरील उत्तम भाष्य होते असे म्हणावे लागेल.

४

भारतात या प्रश्नासाठी असलेली तरतूद अनेक देशांच्या आधीची आहे. १९८३ च्या दुरुस्तीने १९५७ च्या अधिनियमात ‘३१ अ’ हे कलम घालण्यात आले. प्रारंभी ते केवळ अप्रकाशित भारतीय कृतींपुरते होते. म्हणजे कॅनडाच्या नेमके उलट. २०१२ च्या दुरुस्तीने ते प्रकाशित कृतींनाही लागू झाले. कलमाचा आशय असा : कृती लोकांपासून रोखली गेली असेल, आणि लेखक मृत, अज्ञात किंवा माग न लागणारा असेल, अथवा हक्काचा धनी सापडत नसेल, तर कोणाही व्यक्तीस ती कृती किंवा तिचे भाषांतर प्रसिद्ध करण्यासाठी परवाना मागता येतो. ठरवून दिलेले मानधन सरकारी खात्यात भरले जाते, आणि धनी किंवा वारस उगवल्यास त्याला ते मागता येते.

या कलमाची संहिता एखाद्या साहित्यकृतीसारखी बारकाईने वाचली, तर तीन गोष्टी नजरेत भरतात.

पहिली गोष्ट मृत्यूची. ‘मृत, अज्ञात किंवा माग न लागणारा’ या क्रमात लेखकाचा मृत्यू आणि लेखकाचे अज्ञातपण एका पंगतीला बसवले आहे. रोलां बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती वाचकाच्या जन्मासाठी. कायद्यात लेखकाचा मृत्यू वारसाला जन्म देतो आणि वर्षे मोजणारे घड्याळ सुरू करतो. त्यातही अप्रकाशित लेखनाच्या बाबतीत हे घड्याळ मृत्यूने सुरू होतच नाही. २४ व्या कलमानुसार मरणोत्तर प्रकाशित कृतीची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात, आणि चौथ्या कलमानुसार धन्याच्या परवानगीवाचून झालेले प्रकाशन हे प्रकाशनच नव्हे. म्हणजे ज्या हस्तलिखिताचा धनी सापडत नाही त्याचे घड्याळ सुरू कोणी करावयाचे? कायदेशीर परवाना मिळेपर्यंत त्यावरील हक्काला अंतच नाही. पुसट अक्षरांच्या, वाळवी लागलेल्या वहीला असे अमरत्व देण्यात कायद्याने कोणाचे हित पाहिले हे सांगणे कठीण आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले. ते १८९० साली निवर्तले. नाटक प्रथम छापले गेले १९७९ साली. १८९० मध्ये अशा अप्रकाशित संहितेवर कोणता हक्क होता हा कायदेपंडितांच्या वादाचा विषय होईल. परंतु २४ व्या कलमाचे शब्द येथे लावायचेच ठरवले, तर या नाटकावरील हक्क २०३९ अखेरपर्यंत चालेल, म्हणजे लेखनानंतर १८४ वर्षे. जोतीरावांच्या लेखनाकडे कोणी धनी या नात्याने पाहत नाही म्हणून हा प्रश्न कधी उठला नाही. आपल्या सार्वजनिक जीवनाचे हे सुदैव आहे. कायद्याचे शहाणपण नव्हे.

कायद्यात एक लहानशी खिडकी आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. लोकांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने प्रत करण्यास ५२ वे कलम मोकळीक देते. लेखक कोण हे त्या संस्थेला ठाऊक असेल, तर मात्र त्याच्या मृत्यूला ६० वर्षे झालेली असावी लागतात. येथे पोरके लेखन नाव असलेल्या लेखनापेक्षा अधिक मोकळे आहे. पण ही खिडकी संस्थेच्या भिंतीत आहे. घरातील ट्रंकेत, माळ्यावर, रद्दीच्या दुकानात सापडलेल्या वहीला ती नाही. आणि आपल्याकडील बहुतेक हस्तलिखिते अद्याप तेथेच आहेत.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परवाना मागण्यापूर्वी अर्जदाराने आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकाच्या एका अंकात प्रसिद्ध केला पाहिजे. आणि भाषांतर प्रकाशित करावयाचे असल्यास त्या भाषांतराच्या भाषेतील दैनिकातही. कृतीच्या मूळ भाषेचा येथे कोठेही उल्लेख नाही. १९६० च्या सुमारास साताऱ्यात छापलेली एखादी मराठी पुस्तिका मराठीतच पुन्हा छापावयाची असेल, तर तिच्या धन्याला हाक मारायची ती इंग्रजीत. त्याच पुस्तिकेचे तेलुगू भाषांतर काढावयाचे असेल, तर इंग्रजीत आणि तेलुगूत. मराठीत तरीही नाही. ज्या वारसाच्या हितासाठी ही सूचना आहे त्याची भाषा कोणती असेल, याचा विचार कलम लिहिताना झालेला दिसत नाही. ज्याने ती सूचना वाचावी अशी अपेक्षा आहे तो वाचक कायद्याच्या कल्पनेत इंग्रजी दैनिक घेणारा नागरिक आहे. कायद्याने कल्पिलेला हा वाचक आणि मराठी पुस्तिकेच्या कर्त्याचा प्रत्यक्षातील नातू यांच्यातील अंतर हाच ‘शोध’ निष्फळ होण्याचा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट जागेची. हा परवाना देण्याचे काम आधी स्वामित्वहक्क मंडळाकडे होते. २०१७ पासून ते बौद्धिक संपदेच्या अपील मंडळाकडे गेले. २०२१ मध्ये ते मंडळ विसर्जित झाल्यावर वाणिज्य न्यायालयाकडे आले. दोनशे प्रतींची आवृत्ती काढू पाहणाऱ्या तालुक्याच्या गावातील संपादकाने व्यापारी तंट्यांसाठी स्थापन झालेल्या न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा बोलकी आहे. अनाथाला नाथ मिळवून देण्याचे काम तो विकाऊ माल आहे या गृहीतकावर उभे राहिले आहे.

५

या साऱ्याचा मराठी साहित्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. मोठ्या लेखकांचे वारस ठाऊक असतात, त्यांचे प्रकाशक ठाऊक असतात. मराठी पुस्तकांच्या श्रेयपृष्ठावर हक्काच्या चिन्हापुढे अनेकदा लेखकाच्या पत्नीचे नाव आणि घराचा पत्ता छापलेला असतो. नाथ कोण हे त्या पृष्ठावरच नोंदले जाते. अनाथ होते ते दुसरेच साहित्य. कामगार वस्त्यांतील शाहिरांच्या चार-आठ पानी गाणेपुस्तिका, सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची कवने व वग, संपाच्या काळातील पत्रके, साठोत्तरी अनियतकालिकांतील कविता. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ या नावांभोवती आज वाङ्मयेतिहास उभा आहे. परंतु त्यांच्या पानांवर एकदाच उमटून गेलेल्या नावांचे काय झाले? नियतकालिकातील फुटकळ लेखनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, लेखकाकडेच राहतो. अनियतकालिकांच्या बंडखोर संपादकांनी करार केले असतील अशी कल्पनाही करवत नाही. प्रस्थापित प्रकाशनव्यवहार नाकारण्याची ती चळवळ होती. तिचे लेखन मात्र आज त्याच व्यवहाराच्या कायद्याने बांधलेले आहे.

स्त्रियांच्या लेखनाची स्थिती याहून बिकट आहे. विवाहापूर्वी माहेरच्या नावाने दोनचार कथा छापलेल्या लेखिकेचे विवाहानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते, आणि बहुधा लेखनही थांबते. पुढे तिचा माग काढणाऱ्याच्या हाती एक असे नाव असते जे धारण करणारी व्यक्ती कागदोपत्री उरलेली नाही. ती मृत्युपत्र न करता आणि निपुत्रिक वारली असेल, पतीही हयात नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार तिचे वारस प्रथम पतीकडचे नातेवाईक ठरतात, मागाहून तिचे आईवडील. म्हणजे जे नाव कथेवर छापलेले आहे त्या नावाच्या घराण्याकडे त्या कथेचा हक्क नसण्याचीच शक्यता अधिक.

टोपणनावांचा प्रश्न आणखी निराळा. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला आणि हे नाव कोणाचे या कुतूहलाने तेव्हाचे वाङ्मयविश्व ढवळून निघाले. ते गुपित कायम राहिले असते तर टोपणनावाच्या कृतीची मुदत प्रकाशनापासून मोजली जाऊन ती १९८३ अखेर संपली असती. मालतीबाई बेडेकर हे नाव प्रकट झाल्याने आणि त्या २००१ साली निवर्तल्याने ती २०६१ पर्यंत जाते. नाव उघड करणे म्हणजे ७८ वर्षांचा हक्क निर्माण करणे. टोपणनावांचा उलगडा करणाऱ्या संशोधकाला आपण केवळ वाङ्मयेतिहासाची सेवा करतो असे वाटत असते. प्रत्यक्षात तो धनी निर्माण करीत असतो.

या परिस्थितीचा परिणाम समीक्षेवर होतो तो गुपचूप. प्रातिनिधिक संग्रहाचा संपादक कायदाभीरू असेल, तर ज्यांची परवानगी मिळवता येते अशाच रचना तो घेतो. प्रकाशक त्याला तसे बजावतोही. ग्रंथालय संगणकीकरणासाठी पुस्तके निवडते ती मुदत संपलेली किंवा परवानगी असलेली. पुढच्या पिढीचा अभ्यासक या संग्रहावरून आणि या संगणकीय साठ्यावरून कालखंडाची कल्पना बांधतो. अशा रीतीने ज्याचा धनी सापडतो ते साहित्य हेच त्या काळाचे साहित्य ठरते. आपण ज्याला वाङ्मयीन निवड म्हणतो तिच्यात वारसाहक्काच्या कागदपत्रांनी केलेली निवड मिसळलेली असते. ज्यांच्याकडे घर, सातबारा आणि पत्ता होता त्यांचे लेखन टिकते. चाळीतून चाळीत, गावातून शहरात सरकत राहिलेल्यांचे हरवते.

६

मग उपाय काय? सर्व जुने लेखन मोकळे करून टाकावे, अशी मागणी करणे सोपे आहे. परंतु मराठी लेखकाचा मानधनाचा अनुभव पाहता ही मागणी न्याय्य ठरणार नाही. अनाथपणाच्या नावाखाली कोणीही कोणाचेही पुस्तक छापावे आणि विचारणा झाल्यावर ‘वारस सापडले नाहीत’ असे सांगावे, ही शक्यता काल्पनिक नाही. मिशिगनच्या यादीतून हयात कादंबरीकार निघतो, तर आपल्या याद्यांतून किती निघतील? शासनाने हक्क विकत घेऊन साहित्य लोकांचे करावे, हा मार्ग तामिळ प्रदेशाने अनुसरला आहे. सुब्रह्मण्य भारती यांच्या साहित्याचे हक्क मद्रास सरकारने १९४९ साली आपल्याकडे घेतले, आणि तेथील शासनाने पुढेही अनेक लेखकांचे साहित्य राष्ट्रीयीकृत केले. ही परंपरा आदरणीय आहे. परंतु हक्क विकत घेण्यासाठीही आधी विकणारा असावा लागतो. अनाथांना तिचा उपयोग नाही.

म्हणून प्रश्न पुन्हा शोधापाशी येतो. शासन ज्याला शोध म्हणते तो धन्याचा शोध आहे, आणि तो कर्त्याच्या शोधावाचून होऊ शकत नाही. कर्त्याचा शोध हे वाङ्मयीन अभ्यासाचे काम आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची १९४३ साली सिद्ध केली, १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. कसोशीचा शोध म्हणजे काय हे त्या खंडांत दिसते. भीमराव कर्डक यांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून त्या जलशांतील काही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. संहितेच्या स्वायत्ततेचा सिद्धांत स्वीकारल्यानंतर आपल्या समीक्षेने चरित्र, सूची, टोपणनावांचा कोश ही कामे दुय्यम मानली. लेखक मेला असे म्हणणे समीक्षेला परवडले. पण त्या मृत लेखकाचा पत्ता नसेल, तर त्याची संहिता वाचकाच्या हाती पडत नाही. ज्या वाचकाच्या जन्मासाठी लेखकाला मारले तो वाचक कोऱ्या कागदासमोर उभा राहतो.

शासनाकडून अपेक्षा करावयाच्या त्या तीन, आणि त्या विनम्र आहेत. धन्याला हाक मारायची ती कृतीच्या भाषेत, आणि त्या भाषेच्या प्रदेशात वाचल्या जाणाऱ्या पत्रांत. ३१ अ कलमात एवढी दुरुस्ती करण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. दुसरे, विनामूल्य वितरण करणारी ग्रंथालये, विद्यापीठे आणि अल्प प्रतींची आवृत्ती काढणारे संपादक यांचे अर्ज न्यायालयाबाहेर, नोंदणी कार्यालयाच्या पातळीवर निकाली निघावेत. तिसरे, अप्रकाशित लेखनाच्या हक्काला लेखकाच्या मृत्यूपासून मोजलेली अखेर असावी. महाराष्ट्र शासनापुरते बोलायचे, तर साहित्य आणि संस्कृति मंडळ, राज्य मराठी विकास संस्था यांसारख्या संस्था हाताशी असताना विसाव्या शतकातील मराठी लेखकांची, त्यांच्या टोपणनावांची, मृत्युवर्षांची आणि शेवटच्या ज्ञात हक्कदारांची एक खुली नोंदवही तयार करणे अशक्य नाही. परकीय सत्तेने संशयापोटी जे रकाने आखले होते, ते आपण आस्थेपोटी भरावेत.

या नोंदवहीतून प्रत्येक कृतीला धनी मिळेल असे नाही. काही कृती अनाथच राहतील. परंतु धनी न मिळालेल्या कृतीला निदान कर्ता मिळाला, तरी तिचे पोरकेपण संपते. आणि समीक्षेच्या हाती आहे ते तेवढेच. ‘अनाथांचा नाथ’ या जुन्या विशेषणात मालकी नव्हती, सांभाळ होता. शासनाने धनी व्हावे अशी अपेक्षा नाही. सांभाळाचे काम मात्र त्याला टाळता येणार नाही, आणि आपल्यालाही.